रशियन क्रियापदं कानाने शिका: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

रशियन शिकायला घेतलेली बरीच माणसं पहिल्या काही महिन्यांनंतर एकाच जागी अडकतात. लिपी आलेली असते, नामं पाठ असतात, दुकानात लागणारी वाक्यं म्हणता येतात. मग समोरचा रशियन माणूस अगदी साधं वाक्य बोलतो आणि त्यातलं क्रियापदच ओळखू येत नाही. शब्द पुस्तकात पाहिलेला असतो, अर्थही माहीत असतो, पण कानावर पडलेला आवाज त्याच शब्दाचा आहे हे लक्षात येत नाही. रशियन छापील मजकुरात शब्दातला आघात, म्हणजे कोणत्या स्वरावर जोर द्यायचा, ते दाखवत नाहीत. पाठ्यपुस्तकात आणि शब्दकोशात स्वरावर खूण असते, वर्तमानपत्रात किंवा पाटीवर नसते. आणि हा आघात क्रियापदाच्या रूपागणिक जागा बदलतो. म्हणून माझं नवशिक्यांना ठाम सांगणं आहे की क्रियापद आधी कानात बसवा, मग वहीत उतरवा.

पुढे रशियन शब्द नागरीत लिहिले आहेत, ते फक्त कानाला वाट दाखवायला. वहीत मात्र पहिल्या दिवसापासून सिरिलिक लिपीतच लिहा. 33 अक्षरं आहेत, रोज थोडी केली तर आठवड्याभरात ओळखीची होतात. या लेखात जिथे ऽ हे चिन्ह दिसेल तिथे आघात आहे असं समजा. तो स्वर लांबवायचा आणि जोरात म्हणायचा, बाकीचे स्वर पटकन आटपायचे. शेवटी 'त्य्' लिहिलं असेल तर तो मृदू त आहे. त्याबद्दल लगेच सांगतो.

आधी आवाज, पण मोजकेच

मराठी माणसाकडे काही गोष्टी आयत्याच असतात. रशियन त आणि द आपल्या त, द सारखेच दंत्य आहेत. इंग्रजीतून आलेली सवय म्हणून काहीजण तिथे ट, ड म्हणतात, ते सोडून द्या. 'चांगला' मधला च आणि 'चिमणी' मधला च हे दोन वेगळे आवाज आपण लहानपणापासून काढतो. रशियनमध्ये या दोन्हींसाठी स्वतंत्र अक्षरं आहेत आणि बऱ्याच भाषकांना जो फरक महिनोन्महिने घोकावा लागतो तो आपल्याला फुकट मिळतो. या लेखात पहिल्यासाठी 'त्स' आणि दुसऱ्यासाठी 'च' लिहिलं आहे. 'न्याहारी' मधला न्या, 'ल्यायली' मधला ल्या हे मृदू व्यंजनाचे नमुनेही आपल्या तोंडात आहेत.

कठीण जातं ते शब्दाच्या शेवटी येणारं मृदू व्यंजन. 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि 'ब्रात्य्' म्हणजे घेणे. फरक फक्त शेवटच्या त मध्ये आहे: दुसऱ्यात जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि किंचित त्स सारखी फुंकर ऐकू येते. क्रियापदांसाठी हा फरक फार मोलाचा आहे. 'गवरीऽत' म्हणजे तो बोलतो, 'गवरीऽत्य्' म्हणजे बोलणे. हे दोन शब्द मूळ भाषकाच्या आवाजात पाठोपाठ ऐका, डोळे मिटून ओळखा, आणि दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरा अवघड आवाज म्हणजे जीभ मागे ओढून काढलेला ई. 'असणे' आणि 'मारणे' ही दोन्ही क्रियापदं नागरीत 'बीत्य्' अशीच लिहावी लागतात, रशियन कानाला मात्र ती पूर्ण वेगळी आहेत. तसंच 'झ' चं. रशियनमध्ये 'झगा' मधल्या झ च्या जवळचा एक आवाज आहे आणि 'श' म्हणताना कंठ गुंजू दिला तर येतो तो दुसरा. नागरीत दोन्हींसाठी झ च लिहिला आहे, म्हणून हे फरक ध्वनिफितीतूनच उचला.

तिसरी गोष्ट नियमाची आहे. आघात नसलेला 'ओ' हा 'अ' सारखा ऐकू येतो आणि आघात नसलेला 'ये' हा 'यि' किंवा 'इ' सारखा. लिहिलेलं 'गोवोरीत' असतं, ऐकू येतं 'गवरीऽत'. एवढा एक नियम कानात मुरला की ऐकलेला शब्द वहीतल्या शब्दाशी जुळायला लागतो.

एक क्रियापद म्हणजे चार रूपं

शब्दकोशात क्रियापद मूळ रूपात असतं: वाचणे, बोलणे, बघणे. तेवढंच पाठ केलं तर बोलण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण माणसं 'मी', 'तू', 'ते' यांची रूपं बोलतात. म्हणून प्रत्येक क्रियापद ऐकताना चार रूपं एकत्र घ्या: मूळ रूप, मी चं, तू चं आणि ते चं. वाचण्यासाठी चिताऽत्य्, चिताऽयू, चिताऽइश, चिताऽयुत. बोलण्यासाठी गवरीऽत्य्, गवर्यूऽ, गवरीऽश, गवर्याऽत. तो, आम्ही आणि तुम्ही यांची रूपं 'तू' च्या रूपावरून आपोआप येतात: चिताऽइत, चिताऽइम, चिताऽइति. रशियन क्रियापदांचे दोन मोठे गट आहेत, आणि 'ते' चं रूप ऐकलं की गट कळतो. शेवटी 'उत' किंवा 'युत' आलं तर पहिला, 'आत' किंवा 'यात' आलं तर दुसरा.

ही चार रूपं लयीत म्हणा. आपण 'बे एके बे, बे दुणे चार' जसे सुरात म्हणत पाढे शिकलो, अगदी तसं. तोंडाला लय लागली की रूप शोधावं लागत नाही.

आता आघात कुठे सरकतो ते बघू. लिहिण्याचं क्रियापद घ्या: पिसाऽत्य्, पिशूऽ, पीऽशिश, पीऽशुत. मूळ रूपात आणि 'मी' च्या रूपात जोर शेवटी आहे, 'तू' पासून पुढे तो एक घर मागे येतो. बघणे: स्मत्र्येऽत्य्, स्मत्र्यूऽ, स्मोऽत्रिश, स्मोऽत्र्यत. प्रेम करणे किंवा आवडणे: ल्युबीऽत्य्, ल्युब्ल्यूऽ, ल्यूऽबिश, ल्यूऽब्यत. शकणे: मोच्य्, मगूऽ, मोऽझिश, मोऽगुत. वर्तमानकाळात जोर सरकला तर याच दिशेने सरकतो, त्यामुळे 'मी' आणि 'तू' ही दोन रूपं कानात असली की बाकीचा आघात चुकत नाही. चार रूपं एकत्र घ्या असा आग्रह आहे तो यासाठी.

'स्मत्र्येऽत्य्' आणि 'स्मोऽत्रिश' यांच्यातला पहिला स्वर लिहिताना एकच आहे, ऐकताना एकदा 'अ' आणि एकदा 'ओ'. डोळ्याने शिकलेल्याला ही दोन वेगळी क्रियापदं वाटतात.

आघात चुकला तर अर्थच बदलतो, असंही होतं. 'प्लचूऽ' म्हणजे मी पैसे देतो, 'प्लाऽचू' म्हणजे मी रडतो. लिहिताना दोन्ही अक्षरशः सारखे. 'स्मोऽत्रिति' म्हणजे तुम्ही बघता, 'स्मत्रीऽति' म्हणजे बघा! 'पीऽशिति' म्हणजे तुम्ही लिहिता, 'पिशीऽति' म्हणजे लिहा! विधान आहे की आज्ञा, हे बऱ्याचदा आघातच सांगतो.

काही क्रियापदं कोणत्याच गटात धड बसत नाहीत. ती थोडी आहेत आणि रोजच्या वापरातली आहेत, तेव्हा सरळ कानाने पाठ करा. हवं असणे: खचूऽ, खोऽचिश, खोऽचित आणि मग एकदम खतीऽम, खतीऽति, खत्याऽत. खाणे: येम, येश, येस्त, यिदीऽम, यिदीऽति, यिद्याऽत. इथे एक सावधगिरी: 'यिद्याऽत' म्हणजे ते खातात आणि 'येऽदुत' म्हणजे ते वाहनाने जात आहेत. हे दोन्ही शब्द एका वाक्यात ऐकण्याचा सराव करा.

रोजचा सराव: वीस मिनिटं, आणि आधी पुस्तक बंद

एका वेळी पाच क्रियापदं पुरेत. ओळखीच्या कामांपासून सुरुवात करा: जाणणे, बोलणे, करणे, राहणे, काम करणे, बघणे, ऐकणे, खाणे, पिणे, घेणे, देणे, विकत घेणे, समजणे, वाट पाहणे. 

ध्वनी कुठून आणायचा? फोर्वो या संकेतस्थळावर मूळ भाषकांनी उच्चारलेले शब्द ऐकायला मिळतात, रूपांसकट. विक्शनरीत रशियन क्रियापदांचे पूर्ण तक्ते आघाताच्या खुणांसह असतात आणि पुष्कळ शब्दांना ध्वनीही जोडलेला असतो. ओळखीचं कोणी रशियन असेल तर त्यांना व्हॉट्सॲपवर पाच क्रियापदांची चार-चार रूपं बोलून पाठवायला सांगा, याहून चांगलं साहित्य नाही. संगणकाने तयार केलेल्या आवाजावर मात्र सुरुवातीला विसंबू नका. 'प्लचूऽ' आणि 'प्लाऽचू' सारख्या शब्दांत यंत्र चुकीच्या जागी आघात देऊ शकतं, आणि चूक कानात बसली की ती काढायला फार वेळ जातो.

साहित्य मिळालं की काम असं चालतं. ध्वनी लावा आणि काहीही न बघता तीन-चारदा ऐका. मग आवाजाच्या बरोबरीने, एक श्वासही मागे न राहता, तसंच म्हणा. सूर, वेग, आघात सगळं उचलायचं, अर्थाचा विचार नंतर. त्यानंतर ध्वनी थांबवून ऐकलेलं सिरिलिकमध्ये लिहा. आता कुठे पुस्तक उघडायचं आणि पडताळून पाहायचं. जिथे चूक झाली तो स्वर लाल करा, कारण चूक बहुधा आघात नसलेल्या स्वराचीच असते. शेवटी फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि मूळ आवाजाच्या पाठोपाठ ऐका. हे शेवटचं काम बहुतेकजण लाजून टाळतात. टाळू नका. बोलताना आपला आघात आपल्याला ऐकू येत नाही, ध्वनिफितीत स्पष्ट ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशीच्या उजळणीसाठी आंकी हे ॲप उत्तम आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे. आठवलेला शब्द ते हळूहळू वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणतं, विसरलेला लगेच. पण तयार संच उतरवून घेऊ नका, स्वतःची कार्डं करा. आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला अक्षर अजिबात नको, फक्त ध्वनी: 'स्मोऽत्र्यत'. मागच्या बाजूला अर्थ, मूळ रूप आणि ते कोणाचं रूप आहे ते. पुढच्या बाजूला शब्द छापलेला असेल तर डोळा कानाच्या आधी उत्तर देतो आणि ऐकण्याचा सराव होतच नाही. उलट्या दिशेची कार्डंही करा: पुढे 'ते बघतात', तुम्ही मोठ्याने रशियन म्हणायचं, मग ध्वनी वाजवून ताळा करायचा.

वेग कमी करून ऐकावं का, असं नेहमी विचारतात. एकदा ऐका, अडलेला आवाज सापडला की पुन्हा मूळ वेगावर या. संथ रशियनची सवय झाली तर खऱ्या रशियनशी गाठ पडते तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

दोन-तीन आठवड्यांनी यात श्रुतलेखन घाला, पण वेगळ्या प्रकारचं. मिनिटभराचं संभाषण लावा आणि त्यातली फक्त क्रियापदं लिहा, बाकी सगळं सोडून द्या. पहिल्यांदा दोनच सापडतील. तिसऱ्यांदा ऐकताना पाच-सहा सापडतील. वाक्यातलं क्रियापद हाती आलं की उरलेल्या वाक्याचा अंदाज आपोआप लागतो. रशियन लोक स्वतःही श्रुतलेखन हौसेने करतात: 2004 साली नोव्होसिबिर्स्कच्या विद्यापीठात सुरू झालेला सर्वांसाठीच्या श्रुतलेखनाचा उपक्रम पुढे देशोदेशी पोचला. त्यांच्याही नेहमीच्या चुकांत एक क्रियापदाचीच आहे. 'तो शिकतो' आणि 'शिकणे' यांचे शेवट वेगळे लिहायचे असतात, पण दोन्ही 'त्सा' असेच ऐकू येतात: ऊऽचित्सा आणि उचीऽत्सा. इथे निदान आघात तरी वाचवतो, सगळ्या क्रियापदांत तो तसा वाचवत नाही.

भूतकाळ: ओळखीचा, तरी फसवा

रशियन भूतकाळ मराठी माणसाला सोपा वाटतो आणि तो खरोखर सोपा आहे. आपल्यासारखीच तीन लिंगं, आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. तो गेला, ती गेली, ते गेले: उशोऽल, उश्लाऽ, उश्लीऽ. मात्र 'तिने पुस्तक वाचलं' म्हणताना आपलं क्रियापद पुस्तकाकडे बघतं, रशियन क्रियापद तिच्याकडेच बघत राहतं: 'चिताऽला'. आणि आपण वर्तमानकाळातही 'मी जातो', 'मी जाते' असा भेद करतो, रशियनमध्ये वर्तमानात तो नाही, भूतकाळातच आहे.

ऐकताना इथेही आघात सांभाळायचा. 'समजलं' हे रोज कानावर पडणारं उत्तर घ्या. पुरुष म्हणतो 'पोऽन्यल', बाई म्हणते 'पन्यलाऽ', अनेकजण म्हणतात 'पोऽन्यलि'. स्त्रीलिंगी रूपात जोर उडी मारून शेवटी जातो. होता, होती, होते यांचंही तसंच: बील, बिलाऽ, बीऽलि. मुलींनी आणि बायकांनी सराव करताना बाईच्याच आवाजातली ध्वनिफीत अनुकरणासाठी निवडावी. पुरुष शिक्षकाचा आवाज ऐकून 'पोऽन्यल' तोंडात बसलं की ते निघता निघत नाही.

जोडी

आता सगळ्यात मोठा डोंगर. रशियनमधली बहुतेक क्रियापदं जोडीने असतात. एक चालू असलेलं, नेहमीचं किंवा नुसतं घडलेलं काम सांगतं, दुसरं पूर्ण झालेलं, निकाल लागलेलं काम. याला घाबरण्याचं कारण नाही, 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' यांतला फरक आपल्याला विचार न करता कळतो. रशियनमध्ये तो 'चिताऽल' आणि 'प्रचिताऽल' असा येतो. 'लिहीत होतो' पिसाऽल, 'लिहून झालं' नपिसाऽल. परीक्षेआधीचं एक नेहमीचं रशियन वाक्य ऐका: 'या उचीऽल, नो नि वीऽउचिल', म्हणजे मी अभ्यास करत होतो, पण पाठ झालं नाही.

जोडी नेहमी जोडीनेच ऐका, सुटी नाही, आणि वाक्यात ऐका. एका बाजूला 'फ्चिराऽ या दोऽल्गा पिसाऽल', काल मी बराच वेळ लिहीत होतो. दुसऱ्या बाजूला 'नकन्येऽत्स नपिसाऽल', अखेर लिहून झालं. 'दोऽल्गा' म्हणजे बराच वेळ, हा शब्द आला की पहिलं क्रियापद. 'उझेऽ' म्हणजे आधीच, 'नकन्येऽत्स' म्हणजे अखेर, हे आले की बहुधा दुसरं. असे शब्द क्रियापदाच्या आधी ऐकू येतात आणि कानाला तयारी करू देतात.

दोन खुणा तर निव्वळ कानाच्या आहेत. पूर्ण झालेल्या कामाचं क्रियापद 'वी' या उपसर्गाने सुरू होत असेल तर आघात त्या 'वी' वरच असतो: वीऽउचिल, वीऽपिल (पिऊन टाकलं), वीऽशिल (बाहेर पडला). आघात पुढे गेला की काम चालू किंवा नेहमीचं: विखदीऽल. दुसरी खूण म्हणजे शेपटीतलं 'इवत्य्': रस्काऽझिवत्य् (सांगत असणे), पकाऽझिवत्य् (दाखवत असणे), स्प्राऽशिवत्य् (विचारत असणे). हे शेपूट ऐकू आलं की काम चालू किंवा वारंवारचं आहे, आणि आघात शेपटीच्या अगदी आधी.

कुठे कुठे फरक एका व्यंजनाचा असतो. 'श्तो ती द्येऽलल?' म्हणजे तू काय करत होतास? 'श्तो ती झ्द्येऽलल?' म्हणजे तू काय केलंस? लिहिताना तिथे स असतो, पण पुढच्या द मुळे तो झ होतो. पहिल्या प्रश्नात चौकशी आहे, दुसऱ्यात जाब असू शकतो, म्हणून कान इथे तीक्ष्ण हवा. आणि काही जोड्या दिसायलाही वेगळ्या: बोलणे गवरीऽत्य्, सांगणे स्कझाऽत्य्; घेत असणे ब्रात्य्, घेऊन टाकणे व्झ्यात्य्. या पाठच कराव्या लागतात.

पूर्ण कामाच्या क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो, हे एक लक्षात ठेवा. 'प्रचिताऽयू' हे वर्तमानासारखं ऐकू येतं, अर्थ आहे 'मी वाचून काढीन'.

जाणे-येणे

पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. आत्ता एका दिशेने जाणं वेगळं, नेहमी जा-ये करणं वेगळं. आत्ता चालत जातोय: इदूऽ. नेहमी जातो: खझूऽ, खोऽदिश. वाहनाने आत्ता जातोय: येऽदू. सुरुवातीला एवढ्यावरच थांबा. नंतर उपसर्ग घ्या आणि ते भूतकाळात ऐका, कारण तिथे शोल-श्ला ही जोडी स्थिर राहते आणि फक्त डोकं बदलतं: प्रिशोऽल (आला), उशोऽल (निघून गेला), वशोऽल (आत आला), पदशोऽल (जवळ आला), दशोऽल (पोचला). बाईसाठी प्रिश्लाऽ, उश्लाऽ, वश्लाऽ. 'बाहेर पडला' तेवढा वेगळा, त्याचा आघात वर सांगितल्याप्रमाणे 'वी' वर.

निरोप घेताना रशियन माणूस म्हणतो 'नू, या पशोऽल', शब्दशः भूतकाळ, अर्थ आपल्या 'बरं, मी निघालो' सारखाच. याच जातीचा जगप्रसिद्ध शब्द म्हणजे 12 एप्रिल 1961 रोजी उड्डाणाच्या क्षणी युरी गागारिनने उच्चारला तो: 'पयेऽखलि!' रूप भूतकाळाचं, अनेकवचनी. भाव 'चला, निघालो!' त्याची मूळ ध्वनिफीत उपलब्ध आहे. जरूर ऐका आणि मधला 'येऽ' कसा खेचला आहे ते बघा.

खऱ्या जगातला कान

मॉस्कोच्या मेट्रोत दार लागण्याआधी ऐकू येतं: 'अस्तरोऽझ्ना, द्व्येऽरि झक्रिवाऽयुत्सा'. सावधान, दारं बंद होत आहेत. शेवटचा शब्द कानात पक्का करा, त्यात 'ते' चं रूप, चालू काम आणि स्वतःशी होणारी क्रिया दाखवणारं शेपूट असं सगळं एकत्र आहे. या मेट्रोची जुनी रीत अशी की गाडी शहराच्या मध्याकडे चालली असेल तर घोषणा पुरुषाच्या आवाजात, मध्यापासून दूर चालली असेल तर बाईच्या. त्यामुळे दोन्ही आवाजांचा सराव आपोआप होतो.

फोनवर 'हॅलो' ऐवजी अनेकजण 'स्लूऽशयू' म्हणतात, म्हणजे ऐकतोय. आणि आवाज तुटला की 'वी मिन्याऽ स्लीऽशिति?', तुम्हाला माझा आवाज ऐकू येतोय का? लक्ष देऊन ऐकणे स्लूऽशत्य्, ऐकू येणे स्लीऽशत्य्. उ आणि जीभ मागे ओढलेला ई एवढाच फरक.

महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला जाणाऱ्या मुलांनी तर क्रियापदं निघण्यापूर्वीच सुरू करावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्गातलं शिकवणं इंग्रजीत असलं तरी रुग्णालयातला रुग्ण रशियनच बोलतो, आणि आजारी माणूस तुमच्यासाठी सावकाश बोलत नाही. डॉक्टरचा पहिला प्रश्न ठरलेला: 'न श्तो झाऽलुइतिस्य्?', काय त्रास होतोय? मग 'ग्द्ये बलीऽत?', कुठे दुखतं? एक अवयव दुखत असेल तर बलीऽत, अनेक असतील तर बल्याऽत. इथे मराठीची साथ आहे, कारण आपल्यासारखंच तिथेही डोकं दुखतं, 'मी' दुखत नाही: 'उ मिन्याऽ बलीऽत गलवाऽ'. 'मला मळमळतंय' हे 'मिन्याऽ तश्नीऽत', 'मला थंडी वाजून येतेय' हे 'मिन्याऽ झ्नबीऽत'. 'मला' ने सुरू होणारी ही वाक्यं आपल्याला परकी वाटत नाहीत.

तपासणीच्या आज्ञा वेगळ्या पानावर लिहा आणि फक्त ऐकून स्वतः कृती करत पाठ करा: सदीऽतिस्य् (बसा), लझीऽतिस्य् (झोपा), पविर्नीऽतिस्य् (वळा), अत्क्रोऽइति रोत (तोंड उघडा), पकझीऽति यिझीऽक (जीभ दाखवा), दिशीऽति (श्वास घ्या), नि दिशीऽति (श्वास रोखा). शेवटच्या दोघांमध्ये 'नि' एवढाच फरक आहे आणि तो ऐकू आलाच पाहिजे. 'दीऽशिति' असं आधी जोर देऊन म्हटलं तर 'तुम्ही श्वास घेता' असं विधान होतं, आज्ञा होत नाही.

गोव्यात राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. हिवाळ्याच्या हंगामात मोरजी आणि हरमलच्या बाजूला रशियन पर्यटक मोठ्या संख्येने असतात. दुकानात, हॉटेलात काम करणाऱ्यांनी खचूऽ (मला हवंय), मोऽझना (चालेल का, मिळेल का), स्कोऽल्का स्तोऽइत (किती पडेल) हे शब्द ऐकता ऐकता कितीतरी क्रियापदं उचलता येतील.

शिक्षक आणि परीक्षा

कानाचा सराव एकट्याने होतो, पण चुका दाखवायला माणूस लागतो. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवली जाते, मुंबई विद्यापीठात रशियनचा विभाग आहे, आणि मुंबईत पेडर रोडवर रशियन सांस्कृतिक केंद्र आहे. परदेशी नागरिकांसाठीच्या रशियन भाषेच्या चाचणीत व्याकरण-शब्दसंपदा, वाचन, ऐकणे, लेखन आणि बोलणे असे पाच भाग असतात. प्राथमिक पातळीला 780, त्यापुढच्या मूलभूत पातळीला 1300 आणि पहिल्या प्रमाणपत्राच्या पातळीला 2300 शब्दांची अपेक्षा असते. प्राथमिक पातळीच्या यादीतली क्रियापदं वेगळी काढा आणि तिथून सुरुवात करा.

कुठल्याही वर्गाला गेलात तरी पहिल्या आठवड्यात शिक्षकांना एक विनंती करा: तुमच्या वहीतल्या दहा क्रियापदांची चार-चार रूपं त्यांनी एकदा नेहमीच्या वेगाने वाचावीत आणि तुम्हाला ती ध्वनिमुद्रित करू द्यावीत. पुढच्या आठवड्यात तीच दहा तुम्ही त्यांना म्हणून दाखवा, वही न उघडता, आणि जिथे आघात चुकेल तिथे त्यांनी लगेच थांबवावं असं आधीच सांगून ठेवा.